विश्लेषण : साठ वर्षांच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आजही घरीच कशा दुरुस्त होतात?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. त्यामुळे एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली अशा जुन्या स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणण्याजोग्या आहेत की नाहीत, हे ठरवण्याची जबाबदारी घरच्या गॅरेजात पाना हाती घेणाऱ्या मालकावरच येऊन पडली आहे. ही कामे घरी कशी होतात, त्यात काय जपावे लागते आणि कुठे थांबावे लागते, याविषयी...

घरगुती दुरुस्तीचा मुद्दा आता महत्त्वाचा का?

ब्रिटनमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. 'एमओटी' या नावाने ती ओळखली जाते. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे आणि गाडीचा सांगाडा त्यात पाहिला जातो. मात्र २० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट देण्यात आली. या गाड्या वर्षभरात फार कमी धावतात आणि त्यांचे मालक निगा चांगली राखतात, हा त्यामागचा तर्क होता. पुढे २६ ऑगस्ट २०२५ पासून वाहन नोंदणी करणाऱ्या 'डीव्हीएलए' या यंत्रणेनेही नियम सैल केले. मूळ रचनेप्रमाणेच दुरुस्ती झाली असेल आणि नोंदणीपत्रातील तपशील बदलत नसतील, तर ती कळवण्याची गरज आता उरलेली नाही.

मालकावर टाकलेला हा विश्वास आहे. पण सूट तपासणीतून मिळाली आहे, जबाबदारीतून नव्हे. धोकादायक स्थितीतील गाडी रस्त्यावर आणल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि परवान्यावर तीन दंडगुण चढतात. ब्रेकची नळी आतून कुजली आहे का, दाराखालचा पत्रा गंजला आहे का, हे सांगणारा तिऱ्हाईत माणूस आता सक्तीने समोर उभा नसतो. म्हणून घरी नीट दुरुस्ती करता येणे हा केवळ छंदाचा प्रश्न राहिलेला नाही.

या गाड्या नेमक्या कोणत्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती आणि अमेरिकेत लहान, उघड्या टपाच्या, दोन आसनी गाड्यांना मागणी होती. त्यातून या गाड्यांचा सुकाळ झाला. ऑस्टिन-हिली १०० आणि ट्रायम्फ टीआर-२ या गाड्या १९५३ मध्ये आल्या. १९५८ मध्ये बेडकासारख्या डोळ्यांची ऑस्टिन-हिली स्प्राइट आली. १९६१ मध्ये जग्वार ई-टाइप, तर १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर आणि एमजीबी या दोन गाड्या बाजारात आल्या. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. स्पिटफायरचे उत्पादनही १९८० पर्यंत चालले आणि तिची संख्या तीन लाखांपुढे गेली.

ई-टाइप श्रीमंतांच्या संग्रहात गेली. एमजीबी आणि स्पिटफायर मात्र शिक्षक, कारकून, तंत्रज्ञ अशा मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातल्या राहिल्या. दुरुस्तीचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीपेक्षा अधिक होतो, त्यामुळे मजुरी वाचवायची तर स्वतः हात काळे करण्यावाचून पर्याय नसतो. या लेखातील बहुतेक उदाहरणे म्हणूनच एमजीबीची आहेत.

मालकाने स्वतः दुरुस्त करावी, अशी रचना होती का?

बऱ्याच अंशी होती. एमजीबीचे बॉनेट उघडले की १,७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो किंवा अल्टरनेटर हे सारे समोर दिसते आणि बहुतेक ठिकाणी हात पोहोचतो. संगणक नाही, सेन्सर नाहीत. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो किंवा नाकाला कळतो. दर तीन हजार मैलांनी ग्रीस आणि सहा हजार मैलांनी मोठी देखभाल अशा वेळापत्रकाच्या या गाड्या होत्या. एवढ्या वेळा गॅरेजात जाणे परवडणारे नव्हते, म्हणून मालकही ही कामे शिकून घेत.

या शिकण्याला पुस्तकाचे रूप जॉन हेन्स यांनी दिले. हवाई दलात असताना त्यांची नेमणूक एडनला झाली होती. तिथे एका सहकाऱ्याची स्प्राइट दुरुस्त करताना कंपनीच्या पुस्तिकेचा सामान्य मालकाला फारसा उपयोग नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग गाडी पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढायचे, अशी पद्धत त्यांनी अवलंबली. १९६६ मध्ये स्प्राइटवरील पहिली हेन्स पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. लिहिणाऱ्याने स्वतः गाडी खोलली आहे, हा या पुस्तिकांचा खरा आधार होता. हेन्स यांचे २०१९ मध्ये निधन झाले, पण त्यांच्या पुस्तिकांची तेलकट बोटांचे ठसे उमटलेली पाने आजही असंख्य गॅरेजांत उघडी असतात.

घरी सहज होणारी कामे कोणती?

इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे, स्पार्क प्लग, काँटॅक्ट पॉइंट, टॅपेट, क्लच-ब्रेकचे तेल आणि ग्रीसिंग ही कामे साध्या हत्यारांत होतात. एमजीबीला इंचाच्या मापाचे पाने लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, पण पूर्ण बसत नाही आणि नटाचे कोपरे झिजवून टाकतो. महायुद्धापूर्वीच्या काही एमजी गाड्यांत तर आटे मिलिमीटरचे आणि नटांची डोकी व्हिटवर्थ मापाची, असा विचित्र संसार आहे. त्यामुळे हत्यारे घेण्याआधी गाडीचे साल पाहणे आवश्यक ठरते.

काँटॅक्ट पॉइंटमधील फट १५ थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी १५ भाग ठेवावी लागते. टॅपेटची फटही १५ थाऊच. फीलर गेजचे एकच पाते दोन्ही कामांना चालते. टॅपेट लावताना कोणता व्हॉल्व्ह कधी पूर्ण बंद असतो, हे पाठ करण्याची गरज नाही. 'नऊचा नियम' वापरतात. आठ व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ असे क्रमांक द्यायचे. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सातवा उघडा असेल तेव्हा दुसऱ्याची. दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ. अर्ध्या तासात काम होते आणि इंजिनाची टकटक थांबते.

सर्वात दुर्लक्षित काम ग्रीसिंगचे. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीसगनने ग्रीस देण्यासाठी निपल आहेत. गाडी वर्षाला हजार मैलही धावत नसेल, तरी वर्षातून एकदा तरी ते करायला हवे. कोरडा पडलेला किंगपिन आतून झिजतो, स्टिअरिंग जड होते आणि मग शंभर रुपयांच्या ग्रीसचे काम शेकडो पौंडांवर जाते. तारांच्या चाकांची गाडी असेल तर चाक ज्या दातेरी हबवर बसते, तिथेही ग्रीस लागते. हे दाते झिजले की ब्रेक दाबताच चाकाकडून 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकू आला की गाडी बाजूला लावणेच शहाणपणाचे.

जोड कार्ब्युरेटर कानाने कसे जुळवतात?

या गाड्यांचा आत्मा कोणता, असे विचारले तर अनेक जण एसयू कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतील. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेल्या या उपकरणात एक पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो. त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून पेट्रोल किती जावे, हे ठरवते. हलणारे भाग मोजके असल्याने ते खोलून साफ करणे सोपे. वरची टोपी काढून नळीत थोडे ऑइल घालावे लागते. ते संपले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि अनेक जण नको त्या भागाला दोष देत बसतात.

एमजीबीत असे दोन कार्ब्युरेटर आहेत आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. दोन्हीकडचा 'हिस्स' असा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण तपासायचे. पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरहूनही कमी उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसू लागले तर पेट्रोल कमी आहे. वेग क्षणभर वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर काम जमले. मात्र पॉइंट, प्लग, टॅपेट आणि टायमिंग आधी नीट नसेल, तर कार्ब्युरेटरशी कितीही खेळले तरी उपयोग होत नाही. कार्ब्युरेटर सर्वात शेवटी, हा क्रम जुने मिस्त्री कधीच मोडत नाहीत.

वायरिंगची बदनामी कितपत खरी?

ब्रिटिश गाड्यांतील विजेची उपकरणे बहुधा लुकास कंपनीची असत. दिवे कधीही जातील म्हणून या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याचा विनोद इंग्रजी वाहनप्रेमींत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात साठ वर्षांनंतर जो दोष आढळतो, तो बहुतेक वेळा साध्या जोडांचा असतो. गोळीच्या आकाराचे धातूचे जोड हिरवट पडतात, बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरखाली गंज चढतो आणि दिवे मंद होतात. जोड काढून घासले, अर्थिंगची जागा पत्रा चमकेपर्यंत साफ केली, तर निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. वायरींचे रंग ठरलेले असल्याने शोध सोपा जातो. तपकिरी वायर बॅटरीवरून थेट येते, पांढरी चावी फिरवल्यावर चालू होते, हिरवी फ्यूजमधून जाते आणि काळी म्हणजे अर्थिंग.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक असते. हे न पाहता नवा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर जोडला तर तो जळतो, प्रसंगी वायरिंगही पेटते. अनेक गाड्यांत मधल्या काळात कुणीतरी टोके बदललेली असतात. त्यामुळे पुस्तिकेवर भिस्त न ठेवता समोरच्या गाडीतच तपासावे लागते. पेट्रोलच्या विद्युत पंपाचीही एक गंमत आहे. चावी फिरवली की तो टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. टिकटिक आलीच नाही, तर पंपावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकून लोक घरी पोहोचले आहेत. अर्थात, ती दुरुस्ती नव्हे. पंपाचे पॉइंट झिजल्याची ती सूचना आहे.

खरा शत्रू कोणता?

इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. गंज लागला तर गाडी संपते. एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून बॉडीच सांगाडा बनली आहे. उघड्या टपाच्या गाडीत वरून आधार नसल्याने दोन्ही दारांखालच्या पट्ट्या, म्हणजे 'सिल', सारा भार पेलतात. बाहेरून दिसणारा पत्रा हा त्यातला एकच थर. आत आणखी दोन थर असतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

विक्रीला आलेल्या गाडीचा रंग चकाकत असला तरी आत काय आहे, हे लोहचुंबक सांगतो. लांबी भरून रंगवलेल्या जागी तो चिकटत नाही. दुसरी परीक्षा दाराची. गाडी बाजूने जॅकवर उचलताना दाराच्या मागची फट पाहायची. ती बारीक होत गेली किंवा दार उघडेनासे झाले, तर सिलमध्ये दम उरलेला नाही. अशी गाडी अपघातात मधोमध दुमडू शकते.

घरी वेल्डिंग शिकून सिल बदलणारे अनेक आहेत, पण चूक इथेच महागात पडते. जुना सिल कापण्याआधी दाराच्या पोकळीत लोखंडी आधार वेल्ड करून ठेवला नाही, तर गाडी नकळत वाकते. नवा सिल बसवल्यावर दार लागतच नाही आणि सगळे काम पुन्हा कापावे लागते. एका वेळी एकच बाजू, प्रत्येक टप्प्यावर दार लावून पाहायचे, बॅटरी सोडवायची, पेट्रोलची टाकी बाहेर काढायची आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा, हे नियम अनुभवातून आले आहेत. बाहेरून नवा पत्रा चढवून आतले सडके थर तसेच झाकणे ही दुरुस्ती नव्हे, पुढच्या मालकाची फसवणूक आहे.

ब्रेकला घरी हात लावावा का?

लावावा, पण काय पाहायचे ते कळत असेल तरच. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या साठच्या दशकातील एमजीबीत पुढे डिस्क, मागे ड्रम आणि तेलाची एकच यंत्रणा होती. एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. गाडी उभी असली तरी हे चालूच राहते, म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलतात. रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसतात, पण आतून सुजतात. मग ब्रेक सोडल्यावरही चाक अडकून राहते. टायरचेही तसेच. कमी धावण्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर पकड सोडते. म्हणून टायरवर छापलेला तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष पाहायचे.

काम करतानाचे धोकेही आहेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे. जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ फुंकर मारून किंवा कोरड्या ब्रशने उडवू नये, ती ओल्या फडक्याने टिपावी. ब्रेकचे तेल रंगावर सांडले तर रंग उचलला जातो. आणि काम झाल्यावर गाडी लगेच रस्त्यावर न नेता जागेवरच पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर काम अर्धवट आहे.

बदललेल्या पेट्रोलचा काय परिणाम?

या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या जमान्यातल्या. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण मिळत असे. ब्रिटनमध्ये २००० सालापासून असे पेट्रोल बंद झाले. तेव्हापासून इंजिनाचे हेड खोलले की कठीण धातूच्या नव्या बैठका बसवून घेणे हा रिवाज झाला. ज्यांनी तसे केलेले नाही, ते पेट्रोलमध्ये मिसळायचे द्रव वापरतात आणि दरवेळी टॅपेटची फट पाहतात. ती सारखी कमी होत असेल तर व्हॉल्व्ह बैठकीत रुतत चालला आहे, असे समजायचे.

दुसरा बदल इथेनॉलचा. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, जुन्या रबराला मऊ करते आणि महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरू देते. जुन्या नळीतून पेट्रोल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडणे, ही या गाड्यांना आग लागण्याची मोठी शक्यता. त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवणे आणि पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले 'सुपर' पेट्रोल भरणे, हा मार्ग बहुतेक मालक पत्करतात. भारतात हे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेल्याने इथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी हा मुद्दा अधिकच जवळचा आहे.

सुटे भाग मिळतात का? मूळ रूप किती जपायचे?

कारखाना बंद होऊन चार दशके उलटली, तरी एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग विकत मिळतो. १९८८ मध्ये 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने जुने साचे शोधून काढून एमजीबीची संपूर्ण बॉडी नव्याने तयार करायला सुरुवात केली. १९३० मध्ये स्थापन झालेला एमजी कार क्लब आणि १९७३ मधील एमजी ओनर्स क्लब यांमुळे माहिती आणि माणसे दोन्ही सापडतात. अडचण दर्जाची आहे. नव्याने तयार झालेले काही रबरी भाग, कंडेन्सर आणि पॉइंट जुन्यांइतके टिकत नाहीत. म्हणून काढलेला जुना पण चालू भाग अनुभवी मालक फेकत नाहीत, डिकीत ठेवतात.

सुधारणा किती कराव्यात, यावर एकमत नाही. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दिव्यांसाठी रिले, तीनबिंदू सीटबेल्ट यांना फारसा विरोध होत नाही, कारण ते काढून मूळ रूप परत आणता येते. गेल्या ३० वर्षांत इंजिन किंवा सांगाड्यात मोठा बदल केला असेल, तर मात्र तपासणीतील सूट जाऊ शकते.

भारताशी या गाड्यांचे नाते काय?

भारतीय रस्त्यांवर एमजी हे नाव आज 'हेक्टर'सारख्या गाड्यांमुळे दिसते. ही नाममुद्रा आता चिनी 'एसएआयसी' समूहाकडे आहे आणि भारतात 'जेएसडब्ल्यू' तिची भागीदार आहे. या गाड्यांचा ॲबिंग्डनशी संबंध केवळ नावापुरता. खरे नाते ॲम्बेसेडरचे. तिचे १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे इंजिन एकाच 'बी सीरिज' कुळातले. सरकारी ॲम्बेसेडरचे टॅपेट लावण्यात आयुष्य घालवलेल्या मिस्त्रीला एमजीबीचे बॉनेट परके वाटणार नाही. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचीच चासी आखूड करून स्पिटफायर बनली. ई-टाइप घडवणारी जग्वार तर २००८ पासून टाटांकडे आहे आणि कॉव्हेंट्रीजवळच्या तिच्या कार्यशाळेत जुन्या जग्वार नव्याने उभ्या केल्या जातात.

भारतात जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील खासगी वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि दुरुस्ती-इंधनासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

पुढे काय?

भाग मिळतात, पुस्तिका मिळतात. कमी होत चालली आहेत ती हे काम जाणणारी माणसे. ज्यांनी तरुणपणी स्वस्तात एमजीबी घेऊन ती गरजेपोटी दुरुस्त केली, ते आता सत्तरीपार आहेत. आजच्या मेकॅनिकला संगणक जोडून दोष वाचण्याचे शिक्षण मिळते, कार्ब्युरेटरचे नाही. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे उमेदवारी प्रशिक्षण सुरू झाले आहे, क्लबांतूनही वर्ग घेतले जातात, तरी घरातल्या गॅरेजात कुणाच्या तरी शेजारी उभे राहून शिकण्याला ते पुरते पर्याय ठरलेले नाहीत.

तोवर जाणकार मालक एक साधा मार्ग सुचवतात. तपासणीची सक्ती नसली, तरी स्वेच्छेने एमओटी करून घेता येते. स्वतः केलेल्या ब्रेकच्या आणि वेल्डिंगच्या कामाकडे वर्षातून एकदा दुसऱ्या माणसाने पाहावे, यात कमीपणा नाही. घरी काम करायचे, त्याची तारखेनिशी वही ठेवायची आणि जिथे आपला हात पोहोचत नाही तिथे दुसऱ्याला बोलवायचे, या शिस्तीवरच या गाड्या साठ वर्षे टिकल्या आहेत. तपासणीतून सूट मिळालेल्या मालकाला तर ती अधिकच पाळावी लागेल.